पांढरीचा कागद हातात देण्याआधी

प्रति,
मा. महसूल मंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. ग्रामविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. जमाबंदी आयुक्त व संचालक, भूमि अभिलेख, पुणे

महोदय,

गावठाणातल्या घरांना मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) मिळू लागल्या हे चांगलंच झालं. आजवर घराचा कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना 8. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा नाही, हे बहुतेकांना भाऊबंदकी कोर्टात गेल्यावरच कळायचं. ड्रोनने गावठाण मोजून घरांना मालकीचा कागद देणारी केंद्राची स्वामित्व योजना 24 एप्रिल 2020 ला सुरू झाली. त्याआधीच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग आपल्या राज्याने करून दाखवला होता. त्याचं श्रेय आपल्या खात्याचं, आणि ते आम्ही नाकारत नाही.

तरीही हे पत्र जाहीरपणे लिहावं लागतंय. सनद, म्हणजे घराच्या हक्काचा सरकारी दाखला, हातात पडली की महिन्या-दोन महिन्यांत घराला गिऱ्हाईक येतं. घर देऊन टाकावं आणि वावरात बांधावं, की गावातच राहावं, हा निर्णय आज हजारो शेतकरी कुटुंबं घेत आहेत. घेताना हातात जो कागद आहे तो अर्धवट आहे, आणि पुढचं जे घर बांधायचं आहे त्याला कागदच मिळणार नाही, हे त्यांना कुणी सांगत नाही. आम्ही सगळे सातबारा आणि नमुना 8 या दोन उताऱ्यांवर जगणारी माणसं आहोत. काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे गावठाण, यांचा हिशेब आमच्याकडे एकाच वहीत असतो. आपल्याकडे मात्र तो दोन खात्यांत आणि तीन कचेऱ्यांत विभागलेला आहे.

आता मोजणीपासून सांगतो.

ड्रोन उडण्याआधी ग्रामपंचायत आणि भूमि अभिलेखचे कर्मचारी घराघराच्या हद्दीवर चुन्याची फक्की टाकतात. मग उड्डाण होतं, प्रतिमेवरून 1:500 प्रमाणाचा नकाशा तयार होतो, तो घेऊन कर्मचारी पुन्हा गावात येतात, घरांना क्रमांक पडतात, चौकशी होते आणि शेवटी सनद व मिळकत पत्रिका. कागदावर क्रम बरोबर आहे. अडचण पहिल्याच पायरीला होते. चुना बहुतेक ठिकाणी भिंतीलगत पडतो, आणि जुन्या घराची हद्द भिंतीला कधीच संपत नव्हती. ती पागोळीला, म्हणजे छपराचं पाणी जिथे पडतं तिथे, संपत होती.

कौलारू किंवा पत्र्याच्या घराची वळचण भिंतीबाहेर साधारण दीड फूट येते. घराची बाजू 30 फुटांची धरली तर एका बाजूला 45 चौरस फूट जागा वळचणीखाली असते. त्यात सरपण असतं, पाटा-वरवंटा असतो, कोंबड्यांचा खुराडा असतो. ड्रोनला वरून छपराची कड दिसते, भिंत दिसत नाही. हद्द छपरावरून आखली तर समोरासमोरच्या दोन घरांच्या वळचणी जवळजवळ टेकलेल्या असतात आणि मधला तीन-चार फुटांचा बोळ नकाशातून नाहीसा होतो. चुन्यावरून आखली तर वळचणीखालची जागा बोळात, म्हणजे सार्वजनिक जागेत जाते. प्रतिमेची अचूकता 5 सेंटिमीटरची सांगितली जाते, ती असेलही. पण 1:500 च्या छापील नकाशात कागदावरचा 1 मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचा 50 सेंटिमीटर, दीड फुटाहून थोडा जास्तच. म्हणजे अख्खी वळचण त्या नकाशावर रेघेच्या जाडीएवढी. कुणाच्या बाजूची रेघ, एवढ्यावरच तिचा निकाल लागतो.

याचा त्रास लगेच होत नाही, म्हणून तक्रारीही येत नाहीत. शेजारी पाच-सात वर्षांनी जुनं घर पाडून स्लॅबचं बांधतो, पत्रिकेतल्या रेघेपर्यंत भिंत उचलतो, आणि पहिल्या पावसात आपल्या छपराचं पाणी त्याच्या नव्या भिंतीवर पडायला लागतं. मग ग्रामपंचायत, तंटामुक्ती, पोलीस, कोर्ट. गंमत अशी की यावरचा उपाय आपल्याच नमुन्यात छापलेला आहे. मिळकत पत्रिकेत ‘सुविधाधिकार’ असा एक स्वतंत्र रकाना असतो. पागोळीचं पाणी कुठे पडतं, सांडपाण्याची मोरी कुणाच्या जागेतून जाते, मागच्या घराची वाट कुणाच्या अंगणातून आहे, सामाईक भिंत कोणती, हे लिहायची जागा तीच. आमच्या पाहण्यातल्या पत्रिकांवर तो रकाना कोरा आहे. चौकशीच्या वेळी त्याबद्दल कुणी विचारतही नाही.

वळचणीहून मोठा प्रश्न घरामागच्या जागेचा. परडं म्हणा, परसू म्हणा, खळवाडी म्हणा, तिथे छप्पर नसतं, म्हणून वरून ती मोकळी जागा दिसते. पडझड झालेल्या मातीच्या घराचंही तेच. आकारणीच्या वहीत त्याची ‘पडसर’ अशी नोंद असते, नकाशात ती नुसती मोकळी. मालक पुण्या-मुंबईला असेल आणि चुन्याच्या दिवशी दाखवायला कुणी नसेल, तर ती सरकारी किंवा ग्रामपंचायतीची म्हणून लागायला वेळ लागत नाही.

या मोकळ्या जागेत काय असतं ते शहरातल्या वाचकांसाठीही सांगायला हवं. एक बैलजोडी आणि एक म्हैस एवढाच बारदाना धरा. तीन जनावरांना दिवसाला सरासरी सहा किलोप्रमाणे आठ महिने कोरडी वैरण घातली तर सव्वाचार टनांच्या वर कडबा लागतो. दोन किलोची पेंढी धरली तर दोन हजारांवर पेंढ्या झाल्या. त्यांच्या गंजीला 15 बाय 20 फुटांची जागा, म्हणजे 300 चौरस फूट. गोठ्याला गव्हाणीसकट दोनशे. खताचा खड्डा किंवा नॅडेपची टाकी, टाकी 10 बाय 6 फुटांची, भोवती फावडं चालवायला जागा धरून शंभर-सव्वाशे. बैलगाडी किंवा ट्रॉली आत घेऊन वळवायला आणखी तीनशे. बेरीज नऊशेवर जाते. एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. कोरडवाहू शेती चालवायला घराच्या पाठीशी जवळपास एक गुंठा लागतो, असा याचा अर्थ. तो गुंठा नकाशात ‘मोकळी जागा’ झाला की उरलेल्या पाच खणांच्या घरात शेती करता येत नाही. माणूस घर विकतो ते पैशासाठी असं बाहेरून दिसतं. पुष्कळदा आधी परडं गेलेलं असतं आणि मग घराचा उपयोगच संपलेला असतो.

चौकशीची वेळ हा तिसरा मुद्दा. बीड, पाथर्डी, शेवगाव, जत या पट्ट्यातली पुष्कळ घरं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला कारखान्यांवर जातात ती होळी-पाडव्याच्या सुमाराला परततात. याच महिन्यांत आभाळ निरभ्र असतं, म्हणून ड्रोन उडवायला हंगाम सोयीचा. उड्डाण तेव्हा करा, हरकत नाही. पण चौकशीची नोटीस त्याच काळात चावडीवर आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागते, मुदत कुलूपबंद दारांसमोर संपते आणि गैरहजर म्हणून चौकशी पुरी होते. पुढचं कायद्यात आहे, आणि कायदा कडक आहे. भूमि अभिलेखच्या उपअधीक्षकाच्या निर्णयावर अपिलाला 60 दिवस, त्यातून नकलेसाठी गेलेले दिवस वजा. जागा सरकारची की धारकाची, असा निर्णय महसूल अधिनियमाच्या कलम 20 खाली झाला असेल तर दिवाणी दाव्याला निर्णयापासून एकच वर्ष. कारखान्यावरून परतलेल्या माणसाला पत्रिका मिळते तेव्हा यातले किती दिवस उरलेत हे त्या पत्रिकेवर कुठेही लिहिलेलं नसतं.

नावांबद्दल थोडक्यात. शेतात वारस लागतो तो तलाठ्याकडे, वारस नोंदवहीतून. गावठाणात पत्रिका आल्यावर वारस लावायला तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात वेगळा अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र. ग्रामपंचायतीचा नमुना 8 पुन्हा तिसरीकडे. तिन्ही ठिकाणी एकाच कुटुंबाची तीन वेगळी नावं असलेली उदाहरणं प्रत्येक गावात मिळतील. चौकशीत बहुधा आकारणी वहीतलं नाव उचललं जातं, ते वारलेल्या वडिलांचं असतं किंवा थोरल्या भावाचं. मुलींचा वाटा हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने पक्का झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये तो जन्मापासूनचा असल्याचं स्पष्ट केलं. तरी बहिणींची नावं लागतात ती पुढे घर विकायच्या वेळी, हक्कसोडपत्रावर सही घेण्यापुरती. घरावर पती-पत्नी दोघांची नावं लावण्याचा शासनाचा निर्णय तर 2003 पासूनचा आहे. पत्रिकेवर बायकोचं नाव किती घरांत आलं, याची मोजणी आपणच करून पाहावी.

आता ज्या निर्णयासाठी हे सगळं सांगितलं त्याकडे येतो.

दीड एकर, म्हणजे 60 गुंठे जिरायत जमीन आणि चार भाऊ. ऑगस्ट 2023 च्या अधिसूचनेनंतर बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते, 20 गुंठे आहे, बागायतीचं 10. चौघांच्या वाट्याला येतात 15. म्हणजे तुकडेबंदीमुळे रीतसर वाटप होत नाही, सातबारा सामायिक राहतो. त्यातला एक भाऊ गावातलं घर विकून वावरात बांधायचं ठरवतो. स्वतःच्या शेतात स्वतःच्या कुटुंबाला राहायला घर बांधायला अकृषिक परवानगी लागत नाही. शहरालगतचे पट्टे सोडले तर महसूल अधिनियमाचं कलम 41 त्याला मुभा देतं. तो बांधतो. चार फुटांचं दगडी जोतं, त्यावर वीट, वर स्लॅब. पण ते घर ज्या गुंठ्यावर उभं आहे तो गुंठा एकट्याचा आहे असं सांगणारा कुठलाही उतारा नाही. बँक एनएची, म्हणजे अकृषिक परवानगीची, प्रत मागते आणि मंजूर नकाशा मागते, म्हणून गृहकर्ज नाही. विजेच्या मीटरला बाकीच्या तीन भावांचं ना-हरकत. रस्ता बांधावरून, तोही तोंडी. उद्या एखाद्या भावाने आपला अविभक्त हिस्सा विकला तर येणारा खातेदार त्याच घराच्या दारात उभा राहून वाटणी मागू शकतो.

म्हणजे झालं काय, तर ज्या घराला नुकताच कागद मिळाला ते विकलं आणि त्याच पैशात कागद मिळू न शकणारं घर बांधलं. विकलेल्या घराची पत्रिका गिऱ्हाइकाच्या नावावर झाली, परत यायची वाट बंद. हे आम्ही एखाद-दुसऱ्या कुटुंबाबद्दल बोलत नाही. रस्त्यालगतच्या कुठल्याही मोठ्या गावाच्या शिवारात उभं राहून वस्त्यांवरची नवी घरं मोजावीत आणि त्यातल्या किती घरांचा स्वतंत्र कागद आहे ते तलाठ्याला विचारावं.

यावर आपलं उत्तर असेल की 200 मीटरची तरतूद आहे. आहे. 2017 मध्ये कलम 42-ड आलं आणि गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतल्या जमिनीला रूपांतरण कर, अकृषिक आकारणी आणि लागू असेल तर नजराणा भरून रहिवासाची वाट मोकळी झाली. अशा गटांच्या याद्या करून धारकांना आपण होऊन कळवायच्या सूचनाही निघाल्या. मग अडतं कुठे? पहिलं, त्या 200 मीटरची सुरुवात कुठून धरायची यावरच वाद. गावठाणाची हद्द इंग्रजांच्या काळातल्या जमीनमोजणीच्या गावनकाशातली, आणि इंदापुरात 1836 पासून सुरू झालेल्या त्या मोजणीनंतर कित्येक गावांची पांढरी कागदावर तसूभरही वाढलेली नाही. प्रत्यक्षातली घरांची शेवटची ओळ कधीच तिच्या बाहेर गेली आहे. दुसरं, एनए होऊनही लेआउट मंजूर नसेल तर एक-दोन गुंठ्यांचं खरेदीखत अडतं, म्हणून लोक नोटरी करून गुंठा घेतात किंवा दहा जण मिळून दहा गुंठ्यांच्या सामायिक सातबाऱ्यावर नाव लावतात. तुकडेबंदीत अलीकडे दिलेल्या सवलती बहुतांशी शहरांच्या, प्राधिकरणांच्या आणि आराखड्यातल्या रहिवासी पट्ट्यांच्या कामाच्या आहेत. आडगावच्या सामायिक सातबाऱ्यापर्यंत त्या पोचत नाहीत. आणि तांडे, वाड्या, गावकुसाबाहेरच्या वस्त्या? त्या मूळ हद्दीतच नव्हत्या, म्हणून गावठाणाच्या मोजणीतही नाहीत. त्यांच्यासाठी हे सगळं पत्र पुन्हा वेगळं लिहावं लागेल.

आमच्या मागण्या पैशाच्या नाहीत. बहुतेकांना नवा कायदाही लागत नाही.

चुना टाकण्याचा दिवस किमान पंधरा दिवस आधी दवंडीने, फळ्यावर आणि बाहेरगावी असलेल्या धारकांना फोनवर कळवावा. चुना भिंतीला नव्हे, वहिवाटीच्या हद्दीला पडावा, म्हणजे पागोळी, परडं आणि पडसर धरून, आणि दोन्ही शेजाऱ्यांच्या सह्या जागेवरच घ्याव्यात. भांडण असेल तर नकाशात तुटक रेघ दाखवून ‘वादग्रस्त’ लिहावं. घाईत एकाची बाजू पक्की करू नये. सुविधाधिकाराचा रकाना कोरा सोडायला बंदी घालावी. काही नसेल तर ‘नाही’ असं लिहून धारकाची सही घ्यावी.

ऊसतोडीच्या तालुक्यांत चौकशीची तारीख पाडव्यानंतर आणि पेरणीच्या आधी ठेवावी. मोकळी जागा सरकारच्या किंवा ग्रामपंचायतीच्या नावावर लावण्याआधी आकारणी वहीतल्या धारकाला आणि त्याच्या ज्ञात वारसांना नावानिशी नोटीस बजवावी, फळ्यावर चिकटवलेली पुरेशी मानू नये. निर्णयाची तारीख, अपिलाची शेवटची तारीख आणि दाव्याची शेवटची तारीख सनदेवर ठळक छापावी. छपाईचा खर्च एका शिक्क्याएवढाच आहे.

वारसाचा अर्ज एकच असावा. तलाठ्याकडे वारस लागला की त्याची सूचना आपोआप भूमि अभिलेखकडे आणि ग्रामपंचायतीकडे जावी. पत्रिकेवर वारलेल्या माणसाचं नाव लावू नये आणि बहिणींची व पत्नीची नावं गाळायची असतील तर नोंदणीकृत दस्त असल्याशिवाय गाळू नयेत.

वावरातल्या घरांसाठी दोन गोष्टी हव्यात. सामायिक सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात घराचं मोजमाप, दिशा आणि बांधणाऱ्याचं नाव सहधारकांच्या संमतीने नोंदवायची सोय करावी, आणि अशा नोंदीवर कर्ज देण्याबाबत राज्यस्तरीय बँकर्स समितीत निर्णय करून घ्यावा. दुसरी गोष्ट तुकडेबंदीची. विहीर, शेतरस्ता आणि घरकुल यांसाठी प्रमाणभूत क्षेत्राखालच्या जागेला परवानगीची वाट आपण 2024 मध्ये काढलीच आहे. सहधारक शेतकऱ्याच्या स्वतःच्या घरजागेला आणि त्यामागच्या गोठ्याला ती लागू करावी. नवा लेआउट किंवा प्लॉटिंग त्यात घुसू नये म्हणून ठराविक वर्षं विक्रीला बंदी घातली तरी आमची हरकत नाही, उलट घालाच.

200 मीटरची रेघ आता नव्याने आखायला अडचण उरलेली नाही. ड्रोनच्या नकाशात गावठाणाची हद्द सापडली आहे, तिच्याभोवती येणाऱ्या गटांची यादी ग्रामपंचायतीत आणि संकेतस्थळावर लावावी. ज्या गावांनी गावठाण वाढीचे ठराव तहसीलला पाठवले आहेत त्यांचं पुढे काय झालं ते गाववार जाहीर करावं. भूमिहीन घरकुलवाल्याला जागा घ्यायला अर्थसहाय्य मिळतं, पण विकायला तयार असलेला शेतकरी त्याला अर्धा गुंठा देतो म्हटला तर परवानगीच्या फेऱ्यांत तो पावसाळा जातो. गावठाण वाढलं तर ही परवानगीच लागणार नाही.

आणि एक साधी गोष्ट. सनद वाटपाच्या दिवशी मंडपात भाषणं होतात, तिथेच अर्धा तास काढून एका कर्मचाऱ्याने पत्रिकेचा एकेक रकाना मोठ्याने वाचून दाखवावा. विकताना काय विकलं जाणार आहे आणि वावरात गेल्यावर कोणता कागद मिळणार नाही, एवढं तरी घर देण्याआधी माणसाच्या कानावर पडेल.

या पत्राचं उत्तर आम्हाला वेगळं पाठवायची गरज नाही. ते मुद्देवार आणि तारखेसह ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावण्यासाठी पाठवावं. चौकशीची नोटीस आपण तिथेच लावता, आम्ही तिथेच वाचू.

आपले,
सातबारा आणि नमुना 8 या दोन्ही उताऱ्यांवरचे शेतकरी,
आणि ज्यांची नावं अजून लागायची आहेत त्या त्यांच्या बहिणी